बिलावरचं नाव बदलून वीज स्वस्त होते का?

मोबाइलचं सिम बदलता येतं, डीटीएचवाला बदलता येतो, मग वीजवाला का बदलता येऊ नये? हा प्रश्न ऐकायला इतका गोड आहे की त्याला कोणी पण-परंतु केलं की तो लगेच युनियनचा माणूस नाहीतर सरकारी खात्याचा हस्तक ठरतो. केंद्र सरकार २०१४ पासून वीज कायद्यात तशी दुरुस्ती करायला बघतंय. एक विधेयक तेव्हा आलं, मग ऑगस्ट २०२२ मध्ये दुसरं लोकसभेत मांडलं आणि तिथून स्थायी समितीकडे गेलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये परत नवीन मसुदा बाहेर आला. शब्द दरवेळी थोडे वेगळे पण गाभा तोच, की एका भागात एकापेक्षा जास्त कंपन्यांनी घरोघरी वीज विकावी आणि त्यासाठी प्रत्येकाने आपापली वायर टाकत बसू नये, जी आहे तीच भाडं देऊन वापरावी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. विजेत स्पर्धा पाहिजेच, पण ती वीज जिथे घाऊक विकत घेतली जाते तिथे पाहिजे, घराच्या दारात नको. दारातल्या स्पर्धेचा फायदा मोठ्या ग्राहकाला होतो आणि जो मागे राहतो त्याचं बिल वाढतं, आणि हे काही माझं भाकीत वगैरे नाही, मुंबईच्या उपनगरात हा प्रयोग होऊन गेलाय.

आधी ते सिमकार्ड बाजूला करू. मोबाइल कंपनीचं नेटवर्क तिचं, स्पेक्ट्रम तिचा, त्यामुळे नेटवर्क गेलं तर दोष कोणाचा ते कळतं आणि पोर्ट केलं की खरंच दुसरं नेटवर्क मिळतं. विजेचं तसं काहीच नाही. ग्रिडमध्ये सगळ्यांची वीज एकत्र होते आणि तुमच्या मीटरपर्यंत आलेलं युनिट चंद्रपूरच्या कोळशाचं की कोयनेच्या पाण्याचं हे कोणी सांगू शकत नाही. व्होल्टेज कमी आलं, डीपी जळाली, पावसात केबल फॉल्ट झाला, तर तो प्रॉब्लेम वायरवाल्याचा, आणि वायरवाला एकच. म्हणजे नवीन विक्रेता तुम्हाला ना जास्त चांगली वीज देऊ शकतो ना लवकर दुरुस्ती. त्याच्या हातात फक्त दर राहतो.

आणि दर तरी त्याच्या हातात किती असतो? वितरण कंपनीचा दर ठरतो कसा ते बघा. कंपनी राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे याचिका टाकते की पुढच्या वर्षांत मला एवढा खर्च येणार आहे: वीजखरेदी, पारेषणाचं म्हणजे लांबून वीज आणणाऱ्या मोठ्या लाइनचं भाडं, पगार आणि देखभाल, कर्जाचं व्याज, घसारा, भांडवलावरचा परतावा, आणि मागच्या वर्षी अंदाज चुकला म्हणून राहिलेली तूट. आयोग त्यातलं काही कापतो, काही मान्य करतो, आणि जी बेरीज उरते ती विकल्या जाणाऱ्या युनिटवर आणि जोडभारावर वाटली जाते. तेच मग बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा नावांनी उतरतं, वर इंधन समायोजन आकार, आणि त्यावर सरकारचं वीज शुल्क, जे महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाला १६ टक्के आहे. या सगळ्या बेरजेत सगळ्यात जाड आकडा वीजखरेदीचा असतो, ढोबळमानाने दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश. आणि ही खरेदी बहुतेक २५-२५ वर्षांच्या करारांनी आधीच बांधलेली असते. वायरचं भाडं आयोग ठरवणार, पारेषणाचं भाडं आयोग ठरवणार, शुल्क सरकार घेणार. २०२२ च्या विधेयकात तर जुने वीजखरेदी करार त्या भागातल्या सगळ्या परवानाधारकांत वाटून देण्याची तरतूद होती. म्हणजे वीज तीच, वायर तीच, मीटर तसलंच, शुल्क तेवढंच, बदललं काय तर बिलाच्या डोक्यावरचं नाव आणि कॉल सेंटरचा नंबर. बिलं छापणं, वसुली, तक्रार नोंदवणं हा जो उरलेला बारीक तुकडा आहे त्यात कितीही काटकसर केली तरी बिल किती कमी होणार हो?

तरीही कंपन्यांना हा धंदा हवाय, त्यासाठी अर्ज करतायत, वकील लावतायत, म्हणजे पैसा कुठेतरी आहेच. तो कुठे आहे ते मुंबईत दिसलं.

मुंबईची गोष्ट थोडक्यात अशी की शहर भागात बेस्ट, उपनगरात आधी बीएसईएस, मग रिलायन्स, आणि ऑगस्ट २०१८ पासून अदानी. टाटा पॉवरकडे जुना परवाना होता पण ती मुख्यतः या कंपन्यांना घाऊक वीज द्यायची आणि काही मोठे ग्राहक सांभाळायची. टाटाला घरोघरी किरकोळ वीज विकता येते की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि जुलै २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की येते. पण टाटाची वायर उपनगरात सगळीकडे कुठे होती, म्हणून ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने रस्ता काढला, की ग्राहक टाटाचा होईल, वायर रिलायन्सचीच राहील आणि तिचं वहन भाडं रिलायन्सला मिळेल. याला नाव पडलं चेंजओव्हर. टाटाने स्वतःची केबल टाकून कनेक्शन दिलं तर तो स्विचओव्हर. देशात बाकी कुठेच नव्हती अशी सोय मुंबईच्या उपनगरात आली, आणि तेव्हा टाटाचे दर कमी असल्यामुळे लोक भराभर गेले.

कोण गेले हा खरा प्रश्न. आपल्याकडे स्लॅब पद्धत आहे, ० ते १०० युनिटवाल्याला दर कमी, त्याच्यावर चढत चढत ५०० च्या वरच्याला सगळ्यात जास्त, आणि दुकानं, ऑफिसं, कारखाने यांना वेगळा चढा दर. वरचे लोक खर्चापेक्षा जास्त देतात आणि त्यातून खालच्यांचा दर खाली राहतो, यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. आता चढा दर भरणारा मॉलवाला किंवा चार एसीवाला आधी पळणार की महिना ७० युनिट जाळणारी चाळीतली खोली? उत्तर शेंबडं पोरही सांगेल. रिलायन्सने बोंब मारली की टाटा मलई तेवढी काढून नेतेय आणि खालचं पातळ ताक आमच्याकडे ठेवतेय. आयोगाला २०११ मध्ये चेंजओव्हर झालेल्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार बसवावा लागला, म्हणजे तुम्ही टाटाकडे गेलात तरी जुन्या कंपनीच्या गरीब ग्राहकांसाठीचा तुमचा वाटा भरा. तेवढ्याने भागलं नाही म्हणून २०१२ मध्ये आयोगाने टाटाला सांगितलं की काही काळ ३०० युनिटपर्यंतचेच ग्राहक चेंजओव्हरने घ्या. टाटा अपिलात गेली, आणि २०१४ मध्ये विद्युत अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. मधल्या काळात जुन्या तुटीची वसुली नियामक मालमत्ता आकार म्हणून चेंजओव्हरवाल्यांच्याही बिलात आली. मग टाटाचे दर काही स्लॅबमध्ये चढले तसे तेच लोक उलटे रिलायन्सकडे यायला लागले.

यातून काय दिसलं ते सांगतो. ग्राहकाला निवड मिळाली हे खरं, काही वर्षं काही लोकांची बिलं कमी झाली हेही खरं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या निवडीसाठी आयोगाला आधीपेक्षा कमी नाही, कितीतरी जास्त नियंत्रण करावं लागलं. अधिभार किती, वहन भाडं किती, जुनी तूट कोणाच्या डोक्यावर, कोणाची वायर कुठे टाकायची, एका इमारतीत दोघांच्या केबल कशाला, प्रत्येक गोष्टीवर याचिका, प्रत्येक आदेशावर अपील, आणि वकिलांची फी दोन्हीकडून शेवटी बिलातूनच. स्पर्धा आली की नियामकाचं काम कमी होतं असं जे समजलं जातं ते निदान विजेत तरी साफ चूक आहे. (बेस्टचं प्रकरण अजून वेगळं, ती स्थानिक प्राधिकरणाची असल्यामुळे ओपन ऍक्सेसच्या, म्हणजे दुसऱ्याची वायर भाडं देऊन वापरू देण्याच्या, कलम ४२ मधून तिला सूट आहे, त्यामुळे शहर भागात हा वायर भाड्याने घेण्याचा प्रकार तसा झालाच नाही.)

आता हाच मामला उर्वरित महाराष्ट्रात नेऊन बघा, जिथे शेती आहे. आकडेमोड सोपी ठेवतो, आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत. समजा एक कंपनी १० युनिट विकते आणि प्रत्येकाचा खर्च ८ रुपये, एकूण ८०. उद्योग ३ युनिट घेतो आणि ११ ने ३३ रुपये देतो. घरगुती ग्राहक ४ युनिट घेतात, ८ ने ३२ देतात. शेती ३ युनिट घेते, ५ ने १५ देते. बेरीज बरोबर ८०, हिशेब जुळला. आता नवीन कंपनी आली आणि उद्योगाला म्हणाली की मी ९ ने देते, उद्योग गेला. जुन्या कंपनीचा खर्च २४ ने कमी व्हायला पाहिजे होता ना, पण होत नाही, कारण विजेच्या करारात अर्धा भाग स्थिर खर्चाचा असतो, वीज घ्या नाहीतर नका घेऊ, क्षमता शुल्क द्यावंच लागतं. समजा ८ पैकी ४ रुपये स्थिर आहेत. मग खर्च वाचला फक्त १२, उरला ६८, आणि उत्पन्न राहिलं ४७. तूट २१ रुपये. शेतकऱ्याचा दर वाढवायची कोणाची टाप नाही, त्यामुळे २१ रुपये चार घरगुती युनिटवर पडले म्हणजे युनिटला सव्वापाच रुपये, ८ चे सव्वातेरा झाले. घरगुती ग्राहकाने काहीही केलेलं नाही, तो जागेवर बसून आहे.

यावर उत्तर दिलं जातं की त्यासाठी अधिभार आहे ना. आहे, पण तो क्रॉस सबसिडी अधिभार सरासरी खर्चाच्या २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, आणि अडकून पडलेल्या करारांसाठीचा जो अतिरिक्त अधिभार होता तो चार वर्षांत शून्यावर आणायचा असं केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या नियमांत आलंय. २०२५ च्या मसुद्यात कारखाने, रेल्वे आणि मेट्रो यांच्यावरची क्रॉस सबसिडी पाच वर्षांत संपवायची असं लिहिलंय, आणि १ मेगावॉटच्या वरच्या ग्राहकाला वीज पुरवण्याची सक्ती वितरण कंपनीवरून काढता येईल असंही. उद्योगाच्या बाजूने बघितलं तर त्यात गैर काही नाही, मी मुद्दाम सांगतो, क्रॉस सबसिडी ही काही पवित्र गोष्ट नाही. वीज कायदा २००३ मध्येच ती हळूहळू कमी करा असं लिहिलंय, आणि २००६ च्या दर धोरणात तर २०१०-११ पर्यंत सगळे दर सरासरी खर्चाच्या वर-खाली २० टक्क्यांत आणा असं होतं. छोट्या फाउंड्रीवाल्याने, यंत्रमागवाल्याने गावातल्या पंपाचं बिल का भरावं याला खरंच चांगलं उत्तर नाही. पंपाला स्वस्त वीज द्यायची हा राजकीय निर्णय आहे, तर त्याचे पैसे बजेटमधून यावेत, आणि कायद्याचं कलम ६५ नेमकं हेच सांगतं की राज्य सरकारला सबसिडी द्यायची असेल तर ती आगाऊ द्या.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर केली, पाच वर्षांसाठी, जवळपास ४४ लाख शेतकरी. बरं, घोषणा झाली, पण त्याचे पैसे किती आणि कशावर मोजायचे? बऱ्याच पंपांना मीटरच नाही, अश्वशक्तीवर बिल, आणि पंपाने किती वीज खाल्ली हा अंदाज. ग्राहक संघटना दर सुनावणीत वर्षानुवर्षं एकच गोष्ट ओरडून सांगतात की हा अंदाज फुगवलेला आहे, चोरी आणि गळतीची वीज शेतीच्या खात्यावर टाकली जाते आणि गळतीचा टक्का कागदावर छान दिसतो. शेतकरी बदनाम, सरकारची सबसिडी जास्त, आणि वितरण कंपनीची कार्यक्षमता सुंदर! आता सांगा, दुसरी कंपनी आणून यातलं काय सुटणार आहे? फीडरला, ट्रान्सफॉर्मरला मीटर लावून सुटेल, त्यातही शेतीचे फीडर वेगळे करून, त्यांना दिवसा सोलर देऊन बरंच सुटेल, आणि तसं काम चालूही आहे. ते कंटाळवाणं काम आहे, त्याचा निवडणुकीत बॅनर लागत नाही.

स्पर्धेवर माझा राग आहे असं वाटायला नको म्हणून आता तिने काय करून दाखवलं ते. २०१०-११ साठी केंद्रीय आयोगाने सौर विजेचा दर बसवला होता युनिटला १७ रुपये ९१ पैसे, तज्ज्ञांनी बसून, खर्चाची बेरीज करून, परतावा धरून, सगळं रीतसर. मग लिलाव सुरू झाले, जो सगळ्यात कमी दर सांगेल त्याला करार. पहिल्याच फेऱ्यांत बोली ११-१२ रुपयांपर्यंत खाली आल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशात रीवाला पहिल्या वर्षासाठी २ रुपये ९७ पैसे, त्याच वर्षी मे महिन्यात राजस्थानात भडलाला २ रुपये ४४ पैसे, आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. पॅनल जगभर स्वस्त झाले हे मोठं कारण आहेच, पण आयोगाने खर्च अधिक परतावा या पद्धतीने दर काढत बसायचं ठरवलं असतं तर ती स्वस्ताई आपल्यापर्यंत इतक्या लवकर कधीच आली नसती, कारण जो अर्ज करतो तो आपला खर्च कधी कमी सांगतो का? इथे स्पर्धा चालली कारण बोली लावणारे अनेक होते, वस्तू मोजता येणारी होती, आणि विकत घेणारा एकच मोठा गिऱ्हाईक होता ज्याला बारीक अक्षरातला करार वाचता येतो. घरातल्या माणसाकडे ना तेवढं वजन, ना वकील, ना वेळ.

लिलावातही गोम असते म्हणा. मुंद्राच्या अतिविशाल प्रकल्पासाठी टाटाने सरासरी २ रुपये २६ पैशांची बोली लावून करार मिळवला, त्या विजेचा एक खरेदीदार महाराष्ट्रही आहे, मग इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीचे नियम बदलले आणि हा दर परवडत नाही म्हणून भांडण सुरू झालं. एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परदेशातला कायदा बदलला म्हणून दर वाढवून मिळणार नाही. कमी बोली लावून आत शिरायचं आणि मग हळूच दर वाढवून मागायचा, हे रोखायलाही शेवटी खंबीर नियामकच लागतो. आणि स्पर्धा नसताना, नियामकही नसताना काय होतं ते महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. दाभोळच्या वीज प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी १९९२ चा सामंजस्य करार, १९९३ चा खरेदी करार, एकाच कंपनीशी बंद दाराआड बोलणी, बोली नाही काही नाही. दाभोळचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि दोन वर्षांत बंदही पडला, वीज मंडळाचं कंबरडं मोडून. राज्याचा आयोग स्थापन झाला ऑगस्ट १९९९ मध्ये, तोपर्यंत करारावर सह्या होऊन सहा वर्षं होत आली होती. मग २००१ मध्ये गोडबोले समितीने सगळं उकरून काढलं, पण वरातीमागून घोडं.

बाहेरच्या देशांचे दाखले देणारे नेहमी टेक्सास आणि ब्रिटनचं नाव घेतात. टेक्सासमध्ये २००२ पासून घरगुती ग्राहकाला विक्रेता निवडता येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये थंडीची लाट आली, वीजकेंद्रं गोठली, घाऊक बाजाराचा दर युनिटला ९ डॉलरच्या कमाल मर्यादेला जाऊन चिकटला, आणि ज्यांनी घाऊक दरावर चालणारा ग्रिडी नावाच्या कंपनीचा प्लॅन घेतला होता त्यांना काही दिवसांचं बिल हजारो डॉलर आलं. कंपनी मार्चमध्ये दिवाळखोरीत. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकाच्या शेवटी घरोघरी निवड आली, आणि वीस वर्षांनी, जानेवारी २०१९ पासून, सरकारला दरावर कमाल मर्यादा घालावी लागली, कारण जे कंपनी बदलत नाहीत, त्यात म्हातारी माणसं आणि गरीब जास्त, त्यांच्याकडून कंपन्या जास्त पैसे काढत होत्या. २०२१ मध्ये गॅस महागला तेव्हा दोन डझनांहून जास्त विक्रेत्या कंपन्या बुडाल्या. त्यातली बल्ब नावाची कंपनी तर इतकी मोठी, १७ लाख घरं, की सरकारला ती चालवावी लागली. त्या तिकडे स्वतःची वीज नसलेल्या, फक्त बिल पाठवणाऱ्या कंपन्या होत्या बऱ्याचशा. हाच नमुना आपण आता नवीन म्हणून आणतोय.

मग आहे तेच चालू द्यायचं का? अजिबात नाही, कारण आयोगाची आजची तब्येत बघितली तर स्पर्धेच्या बाजूचे लोक चिडतात ते मला पूर्ण समजतं. ताजं उदाहरण घ्या. २८ मार्च २०२५ ला आयोगाने महावितरणचा पाच वर्षांचा बहुवार्षिक दर आदेश काढला, दर कमी होणार अशा बातम्या झाल्या, १ एप्रिलपासून लागू. याचिका, हरकती, राज्यभरच्या सुनावण्या हे सगळं होऊन काढलेला आदेश. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच महावितरणच्या अर्जावर आयोगाने स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. मग २५ जूनला फेरविचाराचा नवीन आदेश, १ जुलैपासून नवे दर. सुनावणीला आलेला माणूस शेकडो पानांची याचिका डोळे फोडून वाचतो, गळतीच्या तक्त्यात बोट ठेवून चूक दाखवतो, तीन-चार मिनिटांत बोलायचं आटपतो, आणि त्याला पुढे हे दिसतं. त्याचा विश्वास कशाला राहील?

आणि आयोग म्हणजे किती माणसं, तर कायद्याने अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तीन. त्यांची निवड समिती असते, पण नेमणूक राज्य सरकारची, आणि ज्या कंपन्यांचा हिशेब ते तपासतात त्यातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्या त्याच सरकारच्या मालकीच्या. निवृत्त अधिकाऱ्यांची सोय अशी टीका होते ती उगाच नाही. दर वाढवायचं अप्रिय काम पुढे ढकलायचं, तूट नियामक मालमत्ता या भारदस्त नावाखाली वहीत लिहून ठेवायची, त्यावर व्याज चढवायचं आणि पुढच्या ग्राहकाकडून वसूल करायचं, ही सवय देशभर लागली. नोव्हेंबर २०११ मध्ये अपील न्यायाधिकरणाने सगळ्या राज्य आयोगांना बजावलं होतं की कंपनी याचिका घेऊन आली नाही तर स्वतःहून दर ठरवा पण तूट साठवू नका. तरी साठत गेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टालाच सांगावं लागलं की ठरलेल्या वर्षांत ही थकबाकी संपवा. दिल्लीत एकट्या २७ हजार कोटींच्या वर ती गेली होती, आणि दिल्लीत २००२ पासून वितरण खासगी आहे बरं का.

पण हाच आयोग कधीकधी चांगलंही काम करून गेलाय, हे विसरलं जातं. २००६ च्या भारनियमनाच्या दिवसांत पुण्यात उद्योगांनी आपापल्या डिझेल जनरेटरवर चालायचं, त्यामुळे वाचलेली ग्रिडची वीज शहराला द्यायची, आणि डिझेलचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्यांवर छोटा अधिभार लावून भागवायचा, अशी योजना आयोगापुढे सुनावणी होऊन मंजूर झाली. पुणे मॉडेल म्हणून तेव्हा गाजलं ते. प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत यांच्यासारख्या संस्थांना ग्राहक प्रतिनिधी म्हणून अधिकृत बसवायची पद्धतही याच आयोगाची, आणि ती माणसं जे आकडे काढतात ते कंपन्यांच्या सल्लागारांना घाम फोडतात. म्हणजे यंत्रणा मुळात निकामी नाही, तिला चालवायची इच्छा पाहिजे. वीजखरेदीचा प्रत्येक मोठा करार उघड सुनावणीने मंजूर व्हावा. फेरविचारात दर बदलणार असतील तर परत लोकांचं ऐकावं. सरकारची सबसिडी किती आली किती थकली हे दर तिमाहीला आयोगाने छापावं. आणि महावितरणने महाग कराराची वीज घेण्याऐवजी बाजारातून किती स्वस्त घेता आली असती ते महिन्याच्या महिन्याला वेबसाइटवर लावावं. यातल्या बहुतेक गोष्टींना नवीन कायदा लागत नाही.

दरम्यान नवीन कायद्याची वाट न बघता जुन्याच वीज कायद्याच्या कलम १४ खाली महावितरणच्या हद्दीत समांतर परवाना मागणारे अर्ज आयोगापुढे आलेत. अदानीच्या नवी मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या अर्जावरून जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी ७२ तासांचा संप पुकारला आणि चर्चेनंतर त्याच दिवशी मागे घेतला, मग २०२५ मध्ये टाटा, अदानी, टोरंट असे मोठमोठ्या शहरी भागांसाठी अर्ज आले. कुठले भाग ते बघितले की सगळं कळतं. नवी मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, जिथे बिलं मोठी आणि वसुली चोख. मेळघाटासाठी किंवा अक्कलकुव्यासाठी समांतर परवाना मागायला कोणी आलेलं नाही. भिवंडी हा त्यातल्या त्यात अपवाद म्हणता येईल, तिथे २००७ पासून टोरंट आहे आणि गळती खरंच कमी झाली, पण तिथे टोरंट महावितरणची फ्रँचायझी म्हणून आहे, सगळे ग्राहक तिच्याकडेच, निवडून घ्यायची सोय नव्हती. आणि तेच मॉडेल औरंगाबाद, जळगाव, नागपूरला नेलं तर तिथल्या कंपन्या मधेच गेल्या आणि शहरं परत महावितरणच्या गळ्यात आली.

तर या अर्जांवरच्या सुनावणीत हजर राहणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. खासगीकरण चांगलं की वाईट या वादात तिथे पडू नका, तो चार तास चालतो आणि आदेशात दोन ओळींत मावतो. अर्जदाराला एवढंच विचारा की पहिल्या पाच वर्षांत प्रत्येक वर्षी ० ते १०० युनिटचे किती घरगुती ग्राहक घेणार, कुठल्या वॉर्डात घेणार, त्यांच्यासाठी किती किलोमीटर केबल टाकणार आणि किती ट्रान्सफॉर्मर बसवणार, ते प्रतिज्ञापत्रावर द्या. आणि आयोगाला विचारा की तो आकडा गाठला नाही तर वर्षाच्या शेवटी मोठे ग्राहक घेणं थांबवण्याची अट परवान्यातच टाकणार का, कारण ती नंतर वेगळ्या आदेशाने टाकली की काय होतं ते टाटाच्या ३०० युनिटवाल्या आदेशात २०१४ मध्ये बघून झालंय.